चौथा स्तंभ कुणाच्या अंगणात उभा आहे?



दरवर्षी ६ जानेवारीला आमच्या अकोले तालुक्यात पत्रकार दिन साजरा होतो. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच तारखेला ‘दर्पण’ काढले, त्याची ही आठवण. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि प्रत्येक वक्त्याच्या तोंडी एकच वाक्य: पत्रकारिता हा लोकशाहीचा चौथा स्तंभ आहे. यंदा मीही मागच्या रांगेत बसून ते ऐकले. सभागृहात टाळ्या पडल्या. माझे हात काही उठले नाहीत, कारण मला मागचा मे महिना आठवत होता.

मी भंडारदरा परिसरातल्या वाड्या-वस्त्यांवर सामाजिक काम करते. बाहेरच्यांना भंडारदरा म्हणजे पावसाळ्यातला रंधा धबधबा, मे-जूनमधला काजवा महोत्सव आणि जलाशयाकाठचे तंबू. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पूर्ण झालेले हे धरण जिल्ह्याच्या बागायतीचा आधार आहे. त्याचे पाणी प्रवरेतून खाली संगमनेर, श्रीरामपूर, नेवाशाकडे जाते. धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर मात्र महादेव कोळी, ठाकर आणि आपल्या बौद्ध समाजाची घरे आहेत, जिथून खालचे पाणी दिसते पण हंड्यात येत नाही.

मागच्या मे महिन्यात अशाच एका वाडीत सलग सहा दिवस टँकर आला नाही. बाया पहाटे तीनला उठून झिऱ्यावर बसायच्या आणि वाटीवाटीने हंडा भरायच्या. मी फोटो काढले, तारखा लिहिल्या, पाच बायांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतले आणि एका दैनिकाच्या तालुका वार्ताहराला पाठवले. बातमी आली नाही. चार दिवसांनी तो बाजारात भेटला. बिचारा खाली मान घालून म्हणाला, “ताई, बातमी पक्की होती. पण टँकरचा ठेका ज्यांच्या माणसाकडे आहे, त्यांच्या वाढदिवसाची पुरवणी याच आठवड्यात आहे. जाहिराती मीच गोळा करतोय. मला पगार नाही ताई, कमिशन आहे.”

त्याच आठवड्यात त्या दैनिकाने धरणात किती दशलक्ष घनफूट पाणी शिल्लक आहे, खालच्या शेतीसाठी पुढचे आवर्तन कधी सुटणार आणि काजवे बघायला किती गर्दी होणार, हे सगळे छापले. यातला एकही शब्द खोटा नव्हता. प्रत्येक आकडा पाटबंधारे खात्याचा, अधिकृत. तरीही त्या पानावरून भंडारदऱ्याचे जे चित्र वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहिले, ते खोटे होते.

या लेखात मला एवढेच सांगायचे आहे. पत्रकारितेची नीतिमत्ता म्हणजे फक्त खोटे न छापणे नव्हे. कुणाचे दुःख बातमी ठरते आणि कुणाचे ठरत नाही, याचा हिशेब देणे ही तिची खरी कसोटी आहे. आज आपली प्रस्थापित माध्यमे या कसोटीला उतरत नाहीत. आणि, कडू वाटले तरी सांगते, अनेकदा आपणही उतरत नाही.

आपल्याच जिल्ह्यातले दोन निकाल

पाण्याचे उदाहरण लहान वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यातले मोठे उदाहरण घ्या. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावात नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, हा त्याचा ‘गुन्हा’. त्याला दिवसाढवळ्या मारहाण झाली आणि नंतर त्याचा देह झाडाला लटकलेला सापडला. दोन वर्षांनी, १३ जुलै २०१६ रोजी, कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. ती मुलगी मराठा समाजातली होती, मुख्य आरोपी दलित. ते कृत्य अमानुष होते. त्याचा निषेध आपण तेव्हाही केला, आजही करतो, आणि त्यात ‘पण’ घालणारा माणूस बाबासाहेबांचा अनुयायी नाही.

आता तारखा पाहा. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी खर्डा खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. त्यानंतर सहाच दिवसांनी, २९ नोव्हेंबर २०१७ रोजी, कोपर्डी खटल्यात तिन्ही आरोपींना फाशीची शिक्षा झाली. दोन्ही निकाल याच जिल्ह्यात लागले.

न्यायालय पुराव्यावर चालते, हे मला समजते. पण साक्षीदार गावात राहतो. गाव त्याच्यावर दबाव आणते तेव्हा त्याला एकच आधार असतो, तो म्हणजे बाहेरचे जग आपल्याकडे बघते आहे ही जाणीव. कोपर्डीच्या खटल्याकडे सगळा महाराष्ट्र डोळे लावून बसला होता आणि तसे बसायलाच हवे होते. खर्ड्याच्या खटल्यात साक्षी फिरत होत्या तेव्हा त्याची बातमी तुमच्या घरी किती वेळा आली? आठवून पाहा. खून झाला तेव्हा कॅमेरे आले होते, नेते आले होते. कॅमेरे परत गेल्यावर न्यायालयाच्या बाकावर रोज येऊन बसणारा, आज अमुक साक्षीदाराने जबाब फिरवला असे दुसऱ्या दिवशी छापणारा पत्रकार हवा होता. एक बाप आपल्या मुलासाठी साडेतीन वर्षे तारखा मोजत होता आणि चौथा स्तंभ दुसऱ्याच अंगणात उभा होता.

त्यातही ज्या शब्दांत बातमी येते, ते शब्द पाहा. खर्ड्याच्या घटनेला ‘प्रेमप्रकरणातून हत्या’ म्हटले गेले. प्रेमप्रकरण म्हटले की तो दोन व्यक्तींमधला मामला होतो आणि जात बाजूला पडते. त्याआधी २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. तेव्हा सुरुवातीचे कित्येक दिवस ती बातमी आतल्या पानांत पडून होती, आणि जी आली ती ‘अनैतिक संबंध’ या कुजबुजीसह. सुरेखा भोतमांगे यांनी जमिनीसाठी दिलेला लढा, त्यांनी दिलेली साक्ष, मुलांना शिकवण्याची त्यांची जिद्द, हे सगळे या दोन शब्दांखाली गाडले गेले. महाराष्ट्रभर आपली माणसे रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे खैरलांजी हे नाव देशाला कळले. पुढे खटल्यात शिक्षा झाल्या, पण न्यायालयाने त्या हत्याकांडाला ॲट्रॉसिटी कायदा लावला नाही. सत्याचा पहिला मसुदा वार्ताहर लिहितो. त्यातून जात गाळली गेली की पुढच्या प्रत्येक कागदावर ती पुन्हा लिहून घ्यायला आपल्याला वर्षानुवर्षे झगडावे लागते.

‘पत्रकाराला जात नसते’ म्हणणाऱ्यांना

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. पत्रकार तटस्थ असतो, तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात का आणता?

तर ऐका. १९९६ साली बी. एन. उनियाल या ज्येष्ठ पत्रकारांनी दिल्लीत दलित पत्रकार शोधायला सुरुवात केली. एका परदेशी वार्ताहराने त्यांना विचारले होते की, मला एखाद्या दलित पत्रकाराचे मत हवे आहे, कुणाचे नाव सांगता का? उनियालांना एकही नाव सांगता आले नाही. आपल्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत आपल्याला एकही दलित पत्रकार भेटलेला नाही, हे त्यांच्या त्या दिवशी लक्षात आले आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहिले. पुढे २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी पाहणी केली. त्यात माध्यमांतल्या नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्च जातींतले लोक होते. अनुसूचित जाती आणि जमातींचा एकही नव्हता.

मी समाजशास्त्रात एम.ए. केले. तिथे बातमीच्या दारावर उभ्या असलेल्या द्वारपालाविषयी शिकवले होते. कुठली घटना आत घ्यायची आणि कुठली बाहेर ठेवायची, हे तो ठरवतो. तो दुष्ट असण्याची गरज नाही. त्याला फक्त आपल्या ओळखीचे दुःख लवकर ओळखू येते. पुण्यात दोन दिवस नळाला पाणी आले नाही तर त्याच्या घरचीच बादली रिकामी राहते. डोंगरावरचा झिरा त्याने पाहिलेलाच नसतो. एकाच समाजघटकातली माणसे सगळ्या दारांवर उभी असतील, तर त्यांच्या तटस्थतेलाही एकच बाजू असते.

आणि तटस्थता म्हणजे नेमके काय? मार खाणारा आणि मारणारा या दोघांना सारख्याच ओळी देणे? २०१६ च्या मोर्चांच्या काळात ‘ॲट्रॉसिटी कायद्याचा गैरवापर होतो’ हे वाक्य किती बातम्यांत ‘असे म्हटले जाते’ एवढ्या आधारावर छापले गेले! कोण म्हणते, कशावरून म्हणते, किती गुन्ह्यांत शिक्षा होते, किती फिर्यादी गाव सोडून जातात, हे विचारायची तसदी कुणी घेतली? दोन्ही बाजू ऐकणे हे पत्रकाराचे पहिले काम आहे. ऐकल्यावर पडताळणे हे दुसरे. पहिल्यावरच थांबणाऱ्याला टपालवाला म्हणतात.

साबण आणि बातमी

दुसरा रोग पैशाचा. तोही आजचा नाही. बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यात, रानड्यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात वृत्तपत्रांवर कोरडे ओढले होते. पत्रकारिता हा एकेकाळी पेशा होता, आता तो धंदा झाला आहे आणि साबणाच्या कारखान्याला जेवढे नैतिक कर्तव्य तेवढेच याला उरले आहे, असा त्यांचा आशय होता. विभूतिपूजेत रमलेल्या वृत्तपत्रांना त्यांनी त्या दिवशी उघडे पाडले.

२००९ ची विधानसभा निवडणूक आठवा. एका बड्या नेत्याच्या कौतुकाचा एकच मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत शब्दशः छापून आला. पी. साईनाथ यांनी ते उघडकीला आणले. ‘पेड न्यूज’ हा शब्द त्यानंतर घरोघरी पोचला. भारतीय प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने नावानिशी अहवाल तयार केला, पण कौन्सिलने तो आधी पूर्ण प्रसिद्धच केला नाही. केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आल्यावर २०११ मध्ये तो लोकांसमोर आला. पत्रकारितेचे नीतिनियम ज्यांनी पाळून घ्यायचे, त्यांनीच आपला अहवाल दाबावा आणि माहितीच्या अधिकाराने तो ओढून काढावा लागावा!

तसे नियम आहेत. प्रेस कौन्सिलने पत्रकारांसाठी आचारसंहिता केलेली आहे. पण १९७८ च्या कायद्याने कौन्सिलला फक्त ताशेरे ओढता येतात. दंड नाही, शिक्षा नाही. वाहिन्या तर तिच्या कक्षेतच येत नाहीत. दात नसलेला हा पहारेकरी रात्री आठच्या चर्चेत ओरडणाऱ्या निवेदकाचे काय वाकडे करणार?

याचा लोकशाहीशी संबंध काय, असे विचाराल तर २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले बाबासाहेबांचे भाषण पुन्हा वाचा. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या जीवनात आपण प्रवेश करत आहोत, असा इशारा त्यांनी दिला होता. एक माणूस, एक मत हे आपल्याला मिळाले. पण मत देण्याआधी माणसाला माहिती लागते. वाडीतल्या बाईच्या मताची किंमत आणि टँकरच्या ठेकेदाराच्या मताची किंमत कागदावर सारखी आहे. ठेकेदाराचा वाढदिवस चार पाने आणि बाईचा हंडा शून्य ओळी, असे असेल तर खालच्या गावांतला मतदार कशाच्या आधारावर ठरवणार की या माणसाला निवडून द्यायचे की नाही?

वार्ताहराला शिव्या देऊन भागणार नाही

इथे एक सावधगिरी. सगळा राग त्या बाजारात भेटलेल्या वार्ताहरावर काढू नका. त्याला पगार नाही, विमा नाही, जाहिरातींचे लक्ष्य मात्र आहे. नीतिमत्तेचे ओझे सगळ्यांत दुबळ्या खांद्यावर टाकायचे आणि मालकाने नामानिराळे राहायचे, ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. गावगाड्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच होत आले.

आणि जे ताठ उभे राहतात, त्यांचे काय होते? फेब्रुवारी २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरला शशिकांत वारिशे या पत्रकाराला गाडीखाली चिरडण्यात आले. रिफायनरीच्या वादात ज्याच्याविरुद्ध त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, त्यालाच खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली. पत्रकारांवरील हल्ले रोखण्याचा कायदा आपल्या विधिमंडळाने २०१७ मध्येच मंजूर केला होता. वारिशेंना तो वाचवू शकला नाही. अशा माणसांच्या मागे समाज म्हणून आपण उभे राहिलो नाही, तर पुढच्या वेळी तक्रार करायचा अधिकार आपल्यालाही नाही.

वारसा आपलाही आहे

पत्रकारितेचा इतिहास ‘दर्पण’पाशी सुरू होऊन ‘केसरी’पाशी संपत नाही. भंडारदऱ्याच्या धरणाचे काम सुरू झाले त्याच १९१० साली, याच जिल्ह्यात, मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ हे सत्यशोधकी साप्ताहिक सुरू केले. नेवासा तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून त्यांनी ते पाच दशकांहून अधिक काळ चालवले. ना शहर, ना बडे जाहिरातदार. धरण किती भरले हे जिल्ह्यातल्या पोरासोरांना पाठ आहे. ‘दीनमित्र’ किती जणांना ठाऊक आहे?

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. ‘केसरी’ने मात्र या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नाही. त्यानंतर १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, १९२८ ला ‘समता’, १९३० ला ‘जनता’, १९५६ ला ‘प्रबुद्ध भारत’. पैशाअभावी एक पत्र बंद पडले की दुसरे उभे केले. ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने त्यांनी एकट्याने लिहून काढले. ते अंक वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. विरोधकाचे म्हणणे ते आधी नीट मांडतात आणि मगच पुराव्याने खोडतात. संताप आहे, पण तो कधीही पुराव्याची जागा घेत नाही.

आता आपल्याकडे येऊ या.

तीन वर्षांपूर्वी माझ्या फोनवर एका जखमी तरुणाचा फोटो आला. ‘आपल्याच जिल्ह्यातली घटना, दलित युवकाला अमानुष मारहाण, पुढे पाठवा.’ माझे रक्त उसळले. मी तो अकरा ग्रुपवर टाकला. दोन दिवसांनी संगमनेरच्या कॉलेजातल्या एका पोराने शोधून दाखवले की फोटो दुसऱ्या राज्यातला, कित्येक वर्षे जुना आहे. मी तो काढून टाकला आणि विषय संपला असे समजले. पंधरा दिवसांनी एका खऱ्या मारहाणीची तक्रार घेऊन मी एका मजुराबरोबर पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी खिशातून फोन काढला, मीच पाठवलेला तो फोटो मला दाखवला आणि म्हणाले, “मॅडम, हेही तसलंच असणार.” त्या माणसाचा गुन्हा दाखल व्हायला दोन दिवस लागले. तोवर त्याच्या अंगावरचे वळ फिके पडले होते.

साहेबांचे वागणे चुकीचेच होते. तक्रार नोंदवणे त्यांचे कर्तव्य होते. पण त्यांच्या हातात ते हत्यार मी दिले होते. खोट्याचा फटका ताकदवानाला बसत नाही, त्याच्याकडे वकील आहे, वाहिनी आहे. आपल्याकडे फक्त आपला शब्द आहे. तो एकदा खोटा ठरला की पुढच्या पीडिताकडे काही उरत नाही. आपण पंचशील घेतो तेव्हा चौथ्या शीलात खोटे न बोलण्याचा संकल्प करतो. पुढे ढकललेले खोटेही खोटेच असते. बुद्धाने कालामांना सांगितले होते की कुणी सांगितले, ऐकत आलो, ग्रंथात आहे, एवढ्यावरून काही मानू नका. व्हॉट्सॲपला हे लागू होत नाही का?

म्हणून कार्यकर्त्यांसाठी काही साध्या गोष्टी:

१. तारीख, ठिकाण आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्याशी बोलणे, या तीन गोष्टी झाल्याशिवाय अत्याचाराचा कुठलाही मजकूर पुढे पाठवू नका. पीडित स्त्रीचे नाव किंवा फोटो तर कधीच नाही.

२. अत्याचाराच्या प्रकरणात एफआयआरची प्रत मिळवा. कलमे वाचा. ॲट्रॉसिटीचे कलम लागले की नाही, हीच पहिली बातमी आहे.

३. खोटी किंवा बदनामीकारक बातमी आली तर कमेंटमध्ये शिव्या देऊन थांबू नका. आधी संपादकाला लेखी पत्र पाठवा, पोच ठेवा. दाद मिळाली नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करा. दैनिक आणि साप्ताहिकासाठी बातमी छापल्यापासून दोन महिन्यांची मुदत असते. ताशेरे तर ताशेरे, पण कागदावर नोंद राहू द्या.

४. कोणत्या वृत्तपत्राला किती सरकारी जाहिराती मिळाल्या, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आपल्या करातून जाणारा तो पैसा आहे.

५. खटला सुरू असेल तर आळीपाळीने न्यायालयात जाऊन बसा आणि रोजची टिपणे ठेवा. पुढचा खर्डा होऊ द्यायचा नसेल तर हे काम आपल्यालाच करावे लागेल.

शेवटी त्या वाडीकडे परत येते. बातमी आली नाही म्हणून आम्ही गप्प बसलो नाही. समाजमंदिराच्या भिंतीवर एक फळा टांगला. नववी-दहावीतल्या तीन मुलींनी रोज त्यावर लिहायचे: टँकर आला की नाही, किती वाजता, किती खेपा, आणि कुणी पाहिले. वहीतही तेच उतरवायचे. एका दिवशी टँकर रात्री उशिरा आला, तर एक बाई म्हणाली, “लिव्ह ना, आलाच न्हाई म्हून. तेवढीच त्यांना दहशत.” त्यातली सगळ्यांत धाकटी म्हणाली, “मावशे, मग उद्याचं खरं कोण मानंल?”

एकोणीस दिवसांच्या नोंदी घेऊन आम्ही पंचायत समितीत गेलो. त्या नोंदींना नाही म्हणता आले नाही. टँकर नियमित झाला. त्याच वार्ताहराने ती वही मागून घेतली आणि पाचव्या पानावर चार ओळींची बातमी लागली. ठेकेदाराचे नाव त्यात नव्हते. पण वाडीचे नाव होते, तारखा होत्या आणि त्या बरोबर होत्या.

आपापल्या वस्तीत असा एक फळा टांगा. त्यावर खडू धरणाऱ्या मुलीला सांगा की ‘मूकनायक’ काढणाऱ्या माणसाचे काम तू पुढे चालवते आहेस.

जय भीम! जय संविधान!